साफ करून दिलेले बाबा

एकोडी, सोमवार, संध्याकाळ

साकोलीच्या स्टुडिओवाल्यानं आज माझी जुनी व्हिडिओ कॅसेट पेनड्राइव्हवर उतरवून दिली. लग्नाच्या शूटिंगचं दुकान त्याचं. "सगळे पट्टे काढले भाऊ, एकदम नवीन करून देलं," म्हणाला. खुशीत होता.

ते पट्टे मी मुद्दाम आणले होते, तीच तर माझी कलाकृती होती. बाबा तलावात जाळं फेकतात, एवढंच शूटिंग. ते टीव्हीवर लावायचं, समोर कॅमेरा ठेवून दुसऱ्या कॅसेटवर भरायचं, मग ती टीव्हीवर लावून पुन्हा पहिलीवर. दर खेपेला बाबा थोडे विरघळायचे. शेवटी नुसते पट्टे, आणि त्यांच्यामागे जाळं हलल्यासारखं काहीतरी. कॅसेटी दोनच, म्हणून मूळ शूटिंग पुसलं गेलं. तसं बिघडवायला मला अख्खा उन्हाळा लागला होता. त्यानं एक बटण दाबलं.

आता पट्ट्यांच्या जागी कॉम्प्युटरनं चेहरा भरलाय. गुळगुळीत, गोरा, कोणाचा तरी. बाबा गेले, त्यांचा एकही नीट फोटो घरात नाही.

पट्ट्यांवाली कॉपी मागितली. "कायले ठेवू? खराबच होती." कॅसेट त्याच्या मशीनमध्ये तुटली म्हणे. दुसरी तर केव्हाच बुरशी लागून गेली होती.

घरी आईला दाखवलं. वाटलं, ती तरी विचारेल, हा कोण? ती पाहतच राहिली. मग पदरानं डोळे पुसले. "असेच दिसत होते तुझे बाबा. इतके दिवस काहून नाही दाखवलं मले?"

आत्ता लिहिता लिहिता डोळे मिटून बाबांना आठवून पाहिलं. तोच गुळगुळीत चेहरा आला.