कोपरा फाडलेलं पत्र

आबा, तुमचा नातू फौजेत भरती झालाय. अमेरिकेच्या. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, नाहीतर त्याचा कान धरायला तुम्हालाच बोलावलं असतं. मी नको नको म्हणत होते, तर म्हणाला, "मॉम, इट्स माय डिसिजन." इथे आमच्या अल्फारेटा गावात बाकीच्यांची पोरं कॉम्प्युटर शिकतात आणि आमचं ध्यान बंदूक धरायला गेलं! ट्रेनिंग कॅम्पात फोन काढून घेतात, म्हणून तो पत्रं लिहितो. मेलबॉक्समधून पाकीट काढलं की मी आधी त्याचे कोपरे बघते. नवरा हसतो. त्याला काय माहीत!

तुम्ही आपल्या फौजेबरोबर श्रीलंकेत होतात, तिथल्या यादवीत. कॅम्पातून दर पत्रात तेच, "मी इथे खुशाल आहे." आणि एक दिवस पोस्टमन निळं पत्र देतो, त्याचा एक कोपरा फाडलेला. आपल्या गावात कोपरा फाडलेलं पत्र म्हणजे कुणीतरी गेलं. आईला वाचता येत नाही, पण कोपरा दिसतो. ती उंबऱ्यावर दोन्ही मनगटं आपटते, पुन्हा पुन्हा आपटते, बांगड्यांच्या काचा मांसात घुसतात, आणि मी एवढीशी पोर त्या रक्तात उभी राहून बोंबलतेय, "आई, आबांचंच अक्षर आहे गं! खुशाल आहेत!" ती ऐकतच नाही. शेवटी शेजारच्या काकूंनी तिला मागून घट्ट धरलं. काचा काढता काढता संध्याकाळ झाली.

सुट्टीवर आलात, आईचे हात बघितलेत आणि काय म्हणालात? "अगं, कोपऱ्याला रक्त लागलं होतं. तू घाबरशील म्हणून फाडला." काय म्हणावं तुम्हाला! आईने हातातली पळी फेकून मारली. "डोकं ठिकाणावर होतं का तुमचं?" पळी तुमच्या कपाळाला लागली, तुम्ही हसलात, आणि हसता हसता रडायलाच लागलात. मग चुलीपुढे बसून एकदाच सगळं बोललात, मी भिंतीशी बसलेय हे विसरून. रक्त तुमच्या कॅम्पातल्या स्वयंपाक्याचं होतं. चहाची किटली घेऊन येताना त्याचा पाय सुरुंगावर पडला, गुडघ्याखाली काही उरलंच नाही. तो किंचाळायचा थांबेपर्यंत तुम्ही जखम हातांनी दाबून धरली होतीत. दुसऱ्या दिवशी नारळाच्या बागेत एकजण अंगावर धावून आला. तुमची बंदूक अडकली. तुम्ही संगीन खुपसलीत, ती निघेना, म्हणून त्याच्या छातीवर पाय देऊन ओढलीत. "मिसरूड फुटलं नव्हतं गं त्याला," म्हणालात. "पण मी कचरलो असतो तर मीच गेलो असतो." आई भाकऱ्या थापत राहिली.

काल नातवाचं पत्र आलं. संगिनीच्या सरावाला काठ्यांना गाद्या बांधून एकमेकांना हाणतात म्हणे, फार मजा आली. खाली इंग्रजीत विचारलंय, आजोबांनी खरंच कुणाला मारलं होतं का, मला खरं सांग.

काय सांगायचं, आबा? ती संगीन, तो पाय, सगळं सांगितलं तर कदाचित तो फौज सोडून घरी परत येईल. नाही आला, तर ऐन वेळी त्याला ते कोवळं तोंड आठवेल आणि तो कचरेल. जीव नुसता टांगणीला लागलाय. सकाळपासून कागदामागून कागद फाडले. तुम्ही समोर असता तर कडाकडा भांडले असते. तुमच्या त्या "खुशाल"चा मला आयुष्यभर राग आला.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार? राहू दे ड्रॉवरमध्ये. त्याचं मात्र मघाशी टाकून आले. "आजोबा तिकडे नुसता पहारा द्यायचे. आम्ही सगळे इथे खुशाल आहोत," एवढंच लिहिलं, आणि पेटीत सोडायच्या आधी पाकिटाचे चारही कोपरे चाचपून पाहिले.