मान हलवायची सवय

मारेगाव,
बुधवार, १८ फेब्रुवारी २०२६

ती. आत्यास,
मैत्रेयीचा मनापासून जयभीम. वि. वि.

मागच्या पत्रात मी एक गोष्ट चुकीची लिहिली होती. ती आधी दुरुस्त करते, मग बाकीचं. मी लिहिलं होतं की यशू पाळण्यात रडली, ते मला स्वयंपाकघरात ऐकू आलं आणि मी धावत गेले. तसं झालं नाही. मी पाणी प्यायला उठले आणि जाता जाता खोलीत डोकावले, तेव्हा ती रडून रडून लाल झाली होती. दुपटं ओलंचिंब होतं. किती वेळ रडत होती ते मला माहीत नाही. तेवढ्यात प्रियंकावहिनी आंघोळ करून आली. तिनं विचारलं की केव्हाची रडते, आणि मी सांगितलं की आत्ताच. तिनं लगेच विश्वास ठेवला. मग तुला लिहितानाही मी तेच लिहून टाकलं. खरं हे आहे की माझ्या कानामागचं यंत्र त्या वेळी टेबलावर काढून ठेवलेलं होतं.

एक लिहिलं तर दुसरंही लिहायलाच हवं. ऑपरेशननंतर २२ जानेवारीला नागपूरला यंत्र सुरू केलं, तेव्हा बाबांनी माझं नाव घेतलं आणि मला ते ऐकू आलं, असंही मी तुला कळवलं होतं. मला नाव ऐकू आलं नव्हतं. डब्यात ज्वारीचे दाणे हलवावेत तसं काहीतरी डोक्यात वाजलं. नाव मी त्यांच्या ओठांवर वाचलं आणि मान हलवली. बाबा रडले. चौदा वर्षं एसटीत घंटी मारणारा, अख्ख्या गाडीला ऐकू जाईल असं ओरडणारा माणूस, आत्या, खुर्चीत बसून रडला. दुसऱ्या दिवशीच्या फेरीत त्यांनी वणीपर्यंतच्या सगळ्या पॅसेंजरांना पेढे वाटले. त्यानंतर मी काय बोलणार होते?

तिथल्या ऑडिओलॉजिस्ट बाई आवाजाची पातळी ठरवताना समोर एक तक्ता ठेवतात. आवाज बारीक आहे, बरा आहे, मोठा आहे, की सहन होत नाही, ते बोट ठेवून सांगायचं. बाबा समोरच बसले होते. मी 'बरा'वर बोट ठेवलं की त्यांचा चेहरा खुलायचा. म्हणून मी 'बरा'वरच बोट ठेवत गेले, कानशिलात टोचलं तरी. आता घरी कुकरची शिट्टी झाली की डोळ्यांत पाणी येतं. बाबा ड्यूटीवर गेले की मी यंत्र काढते आणि ते यायच्या वेळी लावते.

संध्याकाळी बाबा सराव घेतात. तोंडासमोर कॅलेंडर धरतात आणि आ, ई, ऊ, म, स, श असे सहा आवाज काढतात. मी सहाच्या सहा सांगते. कॅलेंडर त्यांच्या गळ्यापर्यंत येत नाही. 'म' म्हणताना त्यांचा गळा हलतो तो वेगळा, 'श' म्हणताना भुवया वर जातात. तूच शिकवलंस ते. शेजारच्यांना बोलावून ते मला पास करून दाखवतात.

आता काळजीचं. वहिनीची रजा संपते आहे. सोमवारी, १६ मार्चला ती पंचायत समितीत पुन्हा रुजू होईल. दादा तर सहालाच घर सोडतो. आधी ठरलं होतं की दिवसा यशूला बघायला शेजारच्या जमनाबाई येतील. आता सगळे म्हणतात की मैत्रेयी ऐकते, जमनाबाईंना कशाला त्रास. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा, घरात यशू आणि मी दोघीच असणार. सहा महिन्यांचं लेकरू आहे, आणि पालथं पडायला लागलं आहे.

हे पत्र नेहमीसारखं बाबांच्या बॅगेतूनच येईल. यवतमाळच्या स्टँडवर ते कळंबच्या गाडीत देतील. म्हणून या खेपेला पाकीट चिकटवलं आहे. रागव, पण लोभ ठेव.

तुझी,
मैत्रेयी


कळंब,
सोमवार, २३ फेब्रुवारी २०२६

चि. मैत्रेयीस,
पंचफुलाआत्याचे पोटभर आशीर्वाद.

तुझं पाकीट इतकं चिकटवलेलं होतं की सुरी घ्यावी लागली. पत्र देताना कंडक्टरनं विचारलं, काहून मास्तरीणबाई, पोरीनं परस्पर लग्न जमवलं काय. मी म्हटलं, तसं असतं तर तिनं पाकीट उघडंच पाठवलं असतं, तुम्हीपण वाचलं असतं. तो लाजला. म्हणजे आजवर वाचतच होता.

रागवायचं म्हणून लिहायला बसले, आणि राग आला तो माझाच. तू दहा वर्षांची होतीस. पांढरकवड्याला लग्नात सगळ्या पोरी तुला काहीबाही विचारत होत्या, तू भलतीच उत्तरं देत होतीस आणि त्या हसत होत्या. मी तुला मांडवामागे नेलं आणि सांगितलं की न समजलं तरी मान हलव, हस, म्हणजे कोणी हसणार नाही. तुला आठवत असेल नसेल. मला आठवतं. शाळेत तुझं जमेना म्हणून मी तुला घरी बसवून शिकवलं, ओठ वाचायला शिकवलं, रोज एक पान लिहायला लावलं, त्याचा मला गर्व होता. पण ही एक शिकवण चूक होती. ती मी आज परत घेते. मास्तरणीनं शिकवलेलं मागे घ्यायची वेळ निवृत्तीनंतर यावी, याला काय म्हणावं!

तुझं ऐकणं सावकाश येईल. ते लवकर येत नाही म्हणून तू दोषी नाहीस. पण यशू म्हणजे तुझ्या बापानं, श्रावणनं वाटलेला पेढा नाही, ती प्रियंकाची लेक आहे. आपली लेक कोणाच्या भरवशावर ठेवतो आहोत, हे प्रियंकाला माहीत असलंच पाहिजे. श्रावणच्या आधी तिला सांग. माझा भाऊ रडला तर रडेल. लहानपणी तो मांजर हरवली तरी रडायचा.

गुडघा तसाच आहे. औषध घेते, जिने टाळते. ख्याली खुशाली लिहीत जा, आणि जीव आहे तोवर तुझ्यावरची माया आटणार नाही हे ध्यानात ठेव.

तुझी,
आत्या


मारेगाव,
शनिवार, २८ फेब्रुवारी २०२६

ती. आत्यास,
मैत्रेयीचा जयभीम. तुझ्या गुडघ्याची चौकशी आधी, कारण पुढे लिहायला घेतलं की विसरेन. शेक देतेस ना?

मी सांगितलं नाही. सांगणार होते. गुरुवारी बाबांना सुट्टी होती, वहिनीही घरीच होती. सकाळपासून वाक्य तयार करत होते. तेवढ्यात बाबांनी स्टूल काढलं आणि मला धरायला बोलावलं. स्वयंपाकघरातला लाल दिवा तुला माहीत आहे. दाराची बेल वाजली की तो पेटतो, मी नऊ वर्षांची असताना त्यांनी स्वतः वायर ओढून बसवलेला. तो त्यांनी काढला. म्हणाले की आता याले इथं काय काम, पोरगी ऐकून राह्यली. त्यांच्या गाडीचे ड्रायव्हर किसनसिंगकाका, त्यांच्या आई धनीबाईंना ऐकू येत नाही. त्यांच्या घरी नेऊन लावतो म्हणाले, बुढीले कामी येईल. मी खाली स्टूल धरून उभी होते आणि मान हलवत होते. आत्या, त्यांची माझ्याकडे पाठ होती. माझी मान त्यांना दिसतही नव्हती.

धनीबाईंना दिवा मिळाला याचं वाईट कसं वाटून घ्यायचं? म्हणून वाईटही धड वाटत नाही.

वहिनीनं जमनाबाईंना येऊ नका म्हणून सांगूनही टाकलं. जमनाबाई मला भेटल्या आणि गालाला हात लावून म्हणाल्या की बरं झालं बापा, माह्यी तर पाठच धरली होती. म्हणजे आता मी सांगितलं तर चार माणसांचं ठरलेलं मोडेल. वहिनीची रजा आणखी वाढणार नाही. बाबांनी या ऑपरेशनसाठी दोन वर्षं नागपूरच्या चकरा मारल्या, त्यांना वाटेल सगळं वाया गेलं. आणि एक भीती अशी की मीच आळशी असेन. कदाचित दोन आठवड्यांत आपोआप ऐकू येऊ लागेल आणि मी उगाच सगळ्यांना घाबरवलं असं होईल. मग मी सांगायलाच नको होतं, नाही का?

काही आवाज मला खरंच येतात. ताटात चमचा पडलेला ओळखते. परवा मागच्या खोलीत उंदीर असावेत असं वाटलं, जाऊन पाहिलं तर बाबा वर्तमानपत्राची घडी घालत होते. पण यशूचं रडणं, मिक्सर आणि रस्त्यावरचा हॉर्न हे तिन्ही मला एकच वाटतात.

काय करू ते लिही. तू लिहिशील तसं करीन. तोवर माझ्यावरचा हात काढू नकोस.

तुझी,
मैत्रेयी


कळंब,
गुरुवार, ५ मार्च २०२६

चि. मैत्रेयीस,
आशीर्वाद, आणि या खेपेला कानही पिळते.

तुझं पत्र वाचून दोनदा अंगणात जाऊन आले. तू लिहिशील तसं करीन, हे वाक्य मला मुळीच आवडलं नाही. तेही मान हलवणंच झालं.

कदाचित ऐकू येईल, कदाचित आळशी असेन, असं घोळत बसू नको. मोजून पाहा. वर्गात मी पोरांना धान्य उगवतं की नाही हे सांगत नव्हते, ओल्या फडक्यात दाणे बांधायला लावत होते. प्रियंका घरात असताना, म्हणजे लेकराला धोका नसताना, पाळण्याकडे पाठ करून बस. यंत्राचा आवाज सोसेल इतकाच ठेव, पण ते लावलेलं ठेव. यशू रडली असं वाटलं की वेळ लिही, वळून बघू नको. मोबाइलवर चित्रण चालू ठेव आणि नंतर जुळवून पाहा. जे निघेल ते तुझं खरं. ते कमी निघालं तर लाज नाही, जास्त निघालं तर मलाही पेढा पाठव.

दुसरं, त्या नागपूरच्या बाईंना तू स्वतः मेसेज कर. बाबांच्या फोनवरून नको, तुझ्या फोनवरून. 'बरा'वर बोट का ठेवलंस ते लिही. तुला घेऊन जायला मी तयार आहे, पण मी समोर बसणार नाही. बाहेरच्या बाकावर बसेन आणि तिथल्या बायांशी भांडेन.

श्रावणले मी एका फोनवर सांगू शकते. सांगणार नाही. तुले वाटेल आत्या कठोर झाली. झाली.

माया आहेच, ती काही परीक्षेवर अवलंबून नाही.

तुझी,
आत्या


मारेगाव,
सोमवार, ९ मार्च २०२६

ती. आत्यास,
मैत्रेयीचा जयभीम. वि. वि.

मोजलं. शनिवारी आणि रविवारी, दोन्ही दिवस दुपारी दोन ते चार. मोबाइल पावडरच्या डब्याला टेकवून फळीवर ठेवला आणि पाळण्याकडे पाठ करून तूरडाळ निवडत बसले. वहिनी घरातच होती. तिला वाटलं मी यशूचा व्हिडिओ काढते आहे, आणि तिनं यशूला नवं झबलं घातलं.

मग व्हिडिओ पाहिला. रडणं मला डोळ्यांनी नीट ओळखता येतं, म्हणून आवाज बंद ठेवला. दोन दिवसांत यशू पाच वेळा रडली. माझ्या कागदावर चार वेळा लिहिल्या आहेत. त्यातल्या दोन जुळतात. तिसरी वेळ मिक्सरची आहे, तेव्हा चटणी वाटत होते असं वहिनीनं सांगितलं. चौथ्या वेळी काहीच नव्हतं, यशू अंगठा चोखत झोपली होती.

म्हणजे पाचपैकी दोन.

एक प्रसंग वेगळा लिहिते, कारण तो गाळला तर हिशेब खोटा होईल. रविवारी वहिनी अंगणात कपडे वाळत घालत होती. मी खोलीत आहे म्हणून ती निश्चिंत होती. यशू पालथी झाली आणि तिचा हात अंगाखाली अडकला. ती पावणेचार मिनिटं रडली. चित्रात पुढे तिचं तोंड आहे आणि मागे माझी पाठ. मी डाळ निवडते आहे. मध्येच एक खडा काढून बाजूला ठेवते. शेवटी तिचा हात आपोआप सुटला. वहिनी आत आली तेव्हा यशू हुंदके देत होती, आणि वहिनीनं तिला उचलून मला हसून विचारलं की काय झालं हिला.

हे मी चार वेळा पाहिलं. पाचव्यांदा बघवलं नाही.

ऑडिओलॉजिस्ट बाईंना मेसेज केला. वाचायला दोन मिनिटं लागतील इतका मोठा झाला. त्यांचं उत्तर आलं की पातळी चढी बसली असावी, म्हणून टोचतं आणि म्हणून काढून ठेवावंसं वाटतं. पुन्हा ठरवता येईल. यंत्र सुरू होऊन दीड महिना झाला आहे, इतक्यात सगळं ओळखू यावं अशी कोणाचीच अपेक्षा नसते, आणि ही गोष्ट त्यांनी बाबांना पहिल्याच दिवशी सांगितली होती. बाबांनी ती ऐकली नसावी. ऐकू येणाऱ्या माणसांचंही असं होतं, हे मला नवीन आहे. शुक्रवारी, १३ तारखेला साडेअकराला बोलावलं आहे. त्यांनी लिहिलं आहे की खोलीत मी एकटीच बसायचं.

तू येऊ नकोस असं लिहिणार होते, तुझ्या गुडघ्यासाठी. पण ते खरं नाही. ये. यवतमाळच्या स्टँडवर भेट.

त्याआधी घरी सांगायचं आहे. बाबांच्या सुट्टीच्या दिवशी सांगेन. आधी वहिनीला, खोलीत, दार लावून. तिला व्हिडिओ दाखवीन आणि त्या दिवशी मी 'आत्ताच' म्हटलं होतं तेही सांगेन. जमनाबाईंकडे तिच्याबरोबर मीच जाईन, कारण ठरलेलं माझ्यामुळे मोडतं आहे. मग बाबांना. त्यांनी विचारलं की मग तुले काहीच ऐकू येत नाही काय, तर काही नाही असंही म्हणणार नाही आणि सगळं असंही नाही. पाचपैकी दोन म्हणेन. वहिनी चिडेल. पुन्हा यशूला माझ्या मांडीवर देणार नाही, अशी भीती वाटते. दिलं नाही तर तेही तिचंच खरं असेल. तुझी माया परीक्षेवर नाही असं लिहिलंस, ते वाक्य मी दोनदा वाचलं.

तुझी,
मैत्रेयी

ता. क. पत्र पुन्हा वाचलं. 'सुट्टीच्या दिवशी' असं मोघम लिहिलं आहे, आणि बाबांची सुट्टी ऐन वेळी बदलते. ती बदलली तरी माझा सांगायचा दिवस बदलणार नाही. म्हणून नीट लिहिते: गुरुवार, १२ मार्च, सकाळी, बाबा घराबाहेर पडायच्या आत.