एकोणीस लग्नांची डिस्क

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार
आजपासून बारामतीत नोकरी. सुयोगसरांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान टीचभर आहे, पण मला खिडकीजवळची जागा मिळाली आणि चहा दोनदा. बिघडलेल्या डिस्कमधल्या फाइली परत काढायच्या, हे माझं काम. माझी दीप्ती मोरगावला माझ्या आईपाशी राहील, दर रविवारी एसटीनं मी जाईन. निघताना लेकीनं आपला पडलेला दात कागदात गुंडाळून माझ्या पर्समध्ये घातला, मला करमावं म्हणून. सहा वर्षांची आहे, पण आजीबाईच नुसती.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
वरकुट्याहून इंद्रजित म्हणून एकजण आले. त्यांचा थोरला भाऊ चिंतामण लग्नाचे फोटो काढायचा. रविवारी गाडीवरून पडून गेला, गळ्यात डिस्कची बॅग होती. एकोणीस लग्नांचे फोटो त्यात अडकलेत, कुणालाच दिलेले नाहीत. डिस्क लावली तर नुसती टकटक. आतली तबकडी खरवडली गेलीय, यातून काही निघणार नाही हे मला तेव्हाच कळलं. पण त्यांचा चेहरा बघून तोंडातून निघून गेलं, काढून देते. सरांनी डोळे वटारले. चुकलंच माझं.

११ फेब्रुवारी, मंगळवार
सकाळी पावणेअकराला टकटक थांबली आणि डिस्क चक्क वाचता यायला लागली. सरांनी पेढे आणले. निघालेल्या फाइली त्याच डिस्कवर ठेवायच्या नसतात, दुसरीकडे तेवढी रिकामी जागा लागते. म्हणून कोरी डिस्क जोडली. संध्याकाळपर्यंत एक लग्न पूर्ण.

१२ फेब्रुवारी, बुधवार
इंद्रजितरावांचा आभाराचा फोन. काल दशक्रिया होती. म्हणाले, “दोन तास कावळा शिवंना. मग मी म्हनलं, दादा, बारामतीच्या माधवीताई समदे फोटू देत्याल. तवा कुठं शिवला बघा, पावणेअकराला.”
मला न विचारता माझं नाव घेतलं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
पडद्यावर चार लग्नं निघाल्याचं दिसतंय. कोरी डिस्क मात्र कोरीच आहे. मग जातंय कुठं? आणि एकही फोटो न उघडता मला कसं माहीत, की तिसऱ्या लग्नातल्या नवरीच्या मामानं घड्याळ उसनं आणलं होतं?

१६ फेब्रुवारी, रविवार
मोरगाव. दीप्ती नेहमीसारखी मांडीत आली, म्हणाली मी जन्मले तेव्हाची गोष्ट सांग. आठवेना. आठवायला गेलं की माळेगावची एक नवरी दिसते, उंबऱ्यावर रडणारी. आई हसली, कामानं डोकं फिरलंय म्हणाली. मला फार भीती वाटतेय.

१८ फेब्रुवारी, मंगळवार
वायर उपटली. तरी निघालेल्या लग्नांचा आकडा पुढं सरकतोय. नऊ. सरांनाही दिसतोय, तेही आता डिस्कला हात लावत नाहीत. इंद्रजितरावांना फोन केला, माझं नाव परत घ्या म्हटलं. “ताई, कावळा शिवल्यावर शब्द माघारी घेता येत न्हाय.”
लग्नं कुठल्या रिकाम्या जागेत जातायत, ते कळलं. माझ्या डोक्यात. ती रिकामी नव्हती हो.

२० फेब्रुवारी, गुरुवार
बारा. विसरायच्या आत लिहिते. दीप्ती. माझी मुलगी. सहा वर्षांची. पुढचा दात पडलाय. उजव्या — की डाव्या — गालावर तीळ —

२२ फेब्रुवारी, शनिवार
सोळा. पर्समध्ये कागदात दात सापडला. कुणाचा? टाकवत नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार
अठरा. आज कुठंतरी जायचं असतं. एसटीनं. कुठं —

२४ फेब्रुवारी, सोमवार
एकोणीस. टकटक पुन्हा सुरू झाली. एक म्हातारी आणि एक लहान मुलगी दुकानात आल्यात. काल तू आलीच नाहीस, म्हणून म्हातारी रडतेय. मुलगी माझा पदर धरून उभी आहे, मला आई म्हणते. हसली, पुढचा दात नाही. मी तिला एकोणीसही लग्नांत शोधलं. हळदीत, पंगतीत, करवल्यांत. सगळ्यांची नावं सांगता येतात मला. हिचं तेवढं —