दीड तासावरचं वैजापूर

अप्पा, तुमच्याशी एक खोटं बोललो होतो, ते सांगून टाकतो. दुबईचं विमान दीड तासात पोचत नाय. तीन तास लागतात.

तुमची अट ठाऊक होती. सकाळी निघून दिवे लागायच्या आत माघारी येता येईल, तेवढ्याच अंतरावर लेकरांनी राहायचं. ताईला त्या हिशोबानंच वैजापुरात दिली. मी आठवीतून पळालेला, वेल्डिंगच्या कुठल्याच कारखान्यात सहा महिने न टिकलेला, आणि मला जायचं होतं दुबईला. शहागंजात तुमच्या घड्याळदुरुस्तीच्या टपरीत तिकीट घेऊन उभा राहिलो. तुम्ही डोळ्याला भिंग लावलं आणि तिकीट घड्याळासारखं उलटंपालटं करून बघितलं. "मुंबईहून दहाला सुटतं, तिथं साडेअकराला पोचतं," मी म्हणलो. तिथलं घड्याळ आपल्याहून दीड तास मागं असतं, हे एजंटानं सांगितलेलं मी गिळून टाकलं. "दीड तास? म्हंजी वैजापूरच की रं! जा." मुंबईपर्यंतचे आठ तास आपण दोघांनीही धरले नाय. मग गिऱ्हाइकाला, शेजारच्या अत्तरवाल्याला, आपल्या करमाडच्या एसटी स्टॉपवर, जो भेटंल त्याला तुम्ही सांगत सुटलात, "पोरगी एका वैजापुरात, पोरगं दुसऱ्या." फोनवर ऐकून मला लई हसू यायचं. तुम्ही गेलात तेव्हा दारात पोचायला मला एकोणीस तास लागले. तेव्हा हसू आलं नाय.

सध्या सुट्टीवर घरी आलोय. परवा बघतो तर टपरीतलं गोल घड्याळ आईनं भिंतीला टांगलेलं, आणि चक्क दीड तास मागं. स्टुलावर चढून काटा फिरवणार, तेवढ्यात ती ओरडली, "हात लावू नको! ते तुझं हाय." म्हणाली, मी गेलो त्या दिवशीच तुम्ही ते तसं लावलं होतं. गिऱ्हाईक म्हणायचं, "चचा, ये घड़ी तो पीछे है जी." तुम्ही म्हणायचात, "रहने दो मियाँ, लडके की है. अभी खाने को बैठा होगा." शहागंजात निम्म्या घरांतलं कुणी ना कुणी तिकडं कामाला. तिथल्या घड्याळवाल्याला तिकडची वेळ ठाऊक नसंल, असं मला वाटलंच कसं?

आता मला टोरांटोत काम मिळालंय. बारा हजार किलोमीटरच्या वर, विमानात साडेपंधरा तास. तिकिटावर मात्र पहाटे पाचला सुटून त्याच दिवशी अकराला पोचतं. काल आई भाकरी थापत होती. तिला म्हणलो, "सहाच तास गं. पुण्याएवढं." तिनं मान वर केली नाय. भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं.

"पुणं का? बरं. मग काटा किती मागं घेऊ, तेवढं सांग."

हे पत्र त्या घड्याळाच्या मागं खोचणार होतो. पण काटा फिरवताना तिला सापडंल, म्हणून खिशातच ठेवतोय. साडेनऊ तासांचा फरक हाय, अप्पा. तिला मी आठच सांगितले. दीड तास तुम्ही आधीच मागं घेऊन ठेवलाय.