अंगठा हलला तेव्हा

११ फेब्रुवारी

नवा पेशंट. वाल्मीकजी, इथल्याच, दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरचे. वय बावन्न. प्रिऑनचा आजार — मेंदू विरत चाललाय, बोलणं थांबलंय, इलाज नाही. माझं काम एवढंच: डोक्यावर मशीनची चुंबकी कॉइल धरायची, झटका द्यायचा, मेंदूपासून हातापर्यंतचा रस्ता किती उरलाय ते मोजायचं. खट्ट आवाज होतो, अंगठा उडतो.

ते फार दचकत होते. म्हणून त्यांच्या बायकोला हात धरू दिला. नियमात बसत नाही.

खट्ट! "मॅडम, यांनी हात दाबला! अहो, मी कौसल्या!"

तो झटक्याने उडाला, हे मी सांगितलं नाही. का? इतक्या जवळून मराठी ऐकून किती दिवस झाले, म्हणून?

१२ फेब्रुवारी

डब्यातली थालीपिठं तशीच परत. पूर्वी लॅबमधली वृंदा आधी माझाच डबा उघडायची. आज — "यार, हाथ तो धोए न?" हा आजार असा पसरत नाही, तिला माहीत आहे. तरी! मुनिरकातल्या माझ्या भाड्याच्या खोलीत गारच खाल्ली.

१८ फेब्रुवारी

दुसरी तपासणी. अंगठा जेमतेम हलला. कौसल्याबाई फोनवर लेकीला, पुण्याला: "मैत्री, बाबा हात दाबतात गं! परीक्षा देऊनच ये."

परीक्षा संपेपर्यंत ते राहतील असं वाटत नाही. माझ्या गप्प बसण्याची किंमत ती पोर देणार.

१९ फेब्रुवारी

सांगितलं. "ताई, अंगठा मशीनमुळे हलतो. ते दाबत नाहीत."

त्या नवऱ्याच्या अंगावरची चादर सारखी करत राहिल्या. "एकदाही नाही?"

"नाही."

"मग त्याच दिवशी का नाही बोललात?"

त्यांनी माझ्यासमोरच मैत्रीला फोन लावला — "निघ. आजच."

बरोबर केलं ना मी? विचारायलाही कुणी नाही.

२१ फेब्रुवारी

मैत्री आली. "बाबा, मी आलेय." कौसल्याबाईंनी तिचा हात बाबांच्या हातात दिला, वरून आपला ठेवला. मला म्हणाल्या, "मॅडम, चालू करा."

खट्ट.

मशीनच्या पडद्यावर रेघ सपाट, अंगठा हललाच नाही. वरून दाबणारी कौसल्याबाईंची बोटं मात्र ताणलेली.

"आई! दाबला!"

"हो गं. ओळखलं तुला."

मी पडदा भिंतीकडे वळवला.