सजद्याला जमीन नसते तिथे

अब्बा,

मागच्या आठवड्यात आठवीच्या वर्गात मी तुमच्याशी पुन्हा भांडले. नाहूरच्या शाळेत विज्ञान शिकवते मी. अंतराळयानाचा धडा चालू होता आणि मागच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, “टीचर, तिकडे नमाज कसा पढायचा?” वर्ग खिदळला. मी पुस्तक मिटलं आणि सगळं फळ्यावर लिहून काढलं. यानातून दिवसभरात सोळा वेळा सूर्य उगवताना दिसतो, तरी नमाज पाचच, जिथून उड्डाण केलं तिथल्या घड्याळाने. पाणी तरंगतं, म्हणून वजूला हात-तोंड-पाय ओल्या कपड्याने पुसायचे. किबल्याकडे, म्हणजे मक्केच्या दिशेला, जमेल तसं तोंड करायचं, नाहीच जमलं तर नुसतं पृथ्वीकडे. वाकता येत नसेल तर नजरेने वाकायचं. नंतर मुख्याध्यापिकांनी विचारलं, “हे अभ्यासक्रमात कुठेय गं?” म्हटलं, “गुरुत्वाकर्षण आहे ना, त्यातच.”

हेच मी तुम्हाला घाटकोपरच्या खोलीत वाचून दाखवलं होतं. अर्धांगाचा झटका आल्यापासून तुम्ही खाटेवर होतात आणि नमाज सोडून दिला होतात. लेथवर लोखंडाचे भाग कातण्यात जन्म गेला तुमचा. केसभर चुकलेला जॉब तुम्ही स्वतःच्या हाताने भंगारात टाकायचात, आणि जमिनीला कपाळ टेकवल्याशिवायचा, सजद्याशिवायचा नमाजही तुम्हाला तसाच वाटायचा. अम्मी वजूचं पाणी घेऊन येते, तुम्ही भिंतीकडे तोंड फिरवता. मी यानात नमाज पढलेल्या अंतराळवीराचं पेपरातलं कात्रण घेऊन बसते. तुम्ही जड जिभेने म्हणता, “अगं, तो वर गेलाय. मी पडलोय. काय बरोबरी करतेस?” मग चालत्या हाताने कात्रण ओढून घेता आणि चहाच्या कपाखाली ठेवता.

तरीही सांगते, बरोबरी आहे. त्याला जमीन सापडत नव्हती, तुम्हाला तिच्यापर्यंत पोहोचता येत नव्हतं. सवलत दोघांना एकच, आणि ती हक्काची. तो पट्ट्यात पाय अडकवून उभा राहिला, त्याचं कौतुक छापून आलं. तुम्ही नुसत्या पापण्या मिटल्या असत्यात तरी तो नमाज तेवढाच पुरा झाला असता. तुमचं चुकलं, अब्बा. गेलेल्या माणसाशी कसला वाद घालतेस, असं अम्मी म्हणते. मी घालणार. पुढच्या वर्षीही फळ्यावर लिहिणार.

हे पत्र कुठल्याच पेटीत पडणार नाही, म्हणून एक कबूल करते. तेव्हा मी स्वतः नमाज पढत नव्हते. तुमच्या नमाजाची काळजी मला नव्हतीच. ज्या दिवशी तुम्ही तो सोडलात, त्या दिवशी जगणंही सोडलंत, हे मला दिसलं होतं. “अब्बा, एवढ्यात जाऊ नका,” असं म्हणायची हिंमत झाली नाही, म्हणून मी अंतराळवीराला मध्ये घातलं.