गालिच्यातलं खोबरेल

मुखेड
ता. ४ फेब्रुवारी २०२५

प्रिय धम्मप्रियाताई,

सप्रेम जयभीम वि. वि.

फोनवर बोलावं तर घरात सगळे ऐकतात, म्हणून हे पत्र. सोळा तारखेला भोकरचे पाहुणे मला बघायला येणार आहेत. ह्यांना जाऊन दीड वर्ष झालं, आता सुनेला लेकीसारखं उजवायचं, असं आत्याबाईंनीच ठरवलं. तुमचाही आग्रह होताच. घरात पहिली पदवी तुमची, तुमच्यापुढं कुणाचं चालतंय!

पाहुण्यांसाठी ह्यांनी आणलेला गालिचा अंथरायचा आहे. पण कामावरून आले की हे त्यावर भिंतीकडं डोकं करून आडवे व्हायचे, तिथं खोबरेलाचा काळपट डाग आहे. मामा म्हणतात, काढून टाक. आत्याबाई म्हणतात, लगीन खुशाल कर, पर त्याला हात लावू नगं. तुम्ही रसायनशास्त्र शिकलात. डाग काढायची रीत कळवा, आणि काढू की नको तेही.

मामा-आत्याबाईंचे आशीर्वाद. लोभ आहे तसाच राहू द्या.

तुमची वहिनी,
शिल्पा

लातूर
ता. ८ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

सप्रेम जयभीम वि. वि.

काढा. दादाच्या डोक्याखालच्या जागेवर दुसरा माणूस नकळत बसावा, हे बरं नाही.

गालिचा नायलॉनचा आहे, जपून. आधी डागावर अंगाला लावायची पावडर रात्रभर ठेवा, सकाळी झटका. मग साधा टिपकागद ठेवून वरून कोमट इस्त्री फिरवा. जास्त तापली तर धागे वितळतील. कागद तेल ओढेल, तो बदलत राहा. कोरा निघाला की थांबा. तरी डाग दिसलाच तर इस्त्री बंद करून लांब ठेवा, गालिचा थंड होऊ द्या, खिडकी उघडा आणि कापडावर स्पिरिट घेऊन टिपा, चोळू नका. स्पिरिट आणि इस्त्री एका वेळी नको, पेट घेईल. सगळं आधी कोपऱ्यावर करून बघा. बाबा ब्लीच आणतील, ते वापरू नका.

फळ्यावर लिहावं तसं लिहिलंय. खरं सांगू? मागच्या सुट्टीत तुम्ही बाजाराला गेलात, तेव्हा मी त्या डागावर डोकं टेकून पडले होते. अजून वास येतो.

आईवर रागावू नका. माया असू द्या.

तुमची धाकटी नणंद,
धम्मप्रिया

मुखेड
ता. १७ फेब्रुवारी

प्रिय धम्मप्रियाताई,

सप्रेम जयभीम वि. वि.

तुम्ही सांगितलं तसंच केलं. आत्याबाई पाठ करून दारात बसल्या होत्या. पहिल्या कागदावर तेल उमटलं, तशा उठून आल्या आणि माझ्या हातातली इस्त्री घेतली. म्हणाल्या, त्याच्या डोक्याला तेल म्याच लावलं, म्याच काढते.

काल पाहुणे येऊन गेले. माणूस बरा वाटला. शिक्षक आहेत, कमी बोलतात. आत्याबाईंनी त्यांना नेमकं त्याच जागी बसवलं आणि स्वतः चहा दिला. मी होकार दिला.

पहिला कागद आत्याबाईंच्या उशाखाली आहे. दुसरा माझ्या पेटीत. भोकरला न्यावा की नाही, ठरत नाही. तिसऱ्यावर फिकट उमटलंय, तो या पाकिटात घातलाय. उजेडाला धरून बघा.

चौथा कोरा निघाला. आत्याबाई त्याच्यावरून इस्त्री फिरवतच राहिल्या. बंद मी केली.

यापुढं कोणत्या नात्यानं लिहू, कळत नाही. लोभ मात्र तोडू नका.

शिल्पा